झाडावरून पडून

देवगड तालुका,
२० मे

प्रिय शुभा,

तुझा फॉर्म पोचला. झाडावरून पडणाऱ्या माणसांवर अभ्यास करते आहेस म्हणून बरं वाटलं. पण आधी माझं ऐकून घे, मग हवं तर भांड.

'पडण्याचं कारण' या रकान्यात तू चार पर्याय दिलेस: निष्काळजीपणा, मद्यपान, साधनातील बिघाड, इतर. रात्रपाळीची सिस्टर पहिल्यावर खूण करून मोकळी होईल. मीसुद्धा केसपेपरवर 'झाडावरून पडून' एवढंच लिहिते, पोलिसांनाही तेवढं पुरतं. पण घेऊन येणारा गडी रिक्षातून उतरता उतरता सगळं सांगत असतो. ढग भरून आले म्हणून मुकादमाने घाई केली. फांदी आतून पोखरलेली होती. आंबे उतरवायची जाळीची काठी, म्हणजे झेला, पोचेना म्हणून हा शेंड्याकडे सरकला. बाग कालच बदलली, झाड ओळखीचं नव्हतं. एक्स-रे होईपर्यंत हे सगळं हवेत विरतं, आणि तुला हवं ते नेमकं त्यातच असतं.

शिवाय पडलेल्याला उचलतात कसं, ते तुझ्या फॉर्मात कुठेच नाही. १०८ येईपर्यंत कुणाला धीर नसतो. चौघं मिळून गठडी वळल्यासारखं त्याला गाडीत कोंबतात. कण्याला मार असेल तर पडल्याने झालं नाही ते या उचलण्याने होतं. बागेत एक साधी फळी ठेवायला किती खर्च येतो गं?

ब्रिटनमधल्या कार्डिफचं तुला ठाऊकच असेल. जोनाथन शेफर्ड हे चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन. मारामारीत जखमी होऊन आलेल्या कित्येकांची पोलिसांत नोंदच नसते, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग अपघात विभागात केसपेपर काढतानाच कुठे, कधी, कशाने एवढंच विचारायला लागले. नावं गाळून ती माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला जायची. इस्पितळात भरती होणारे जखमी इतर सारख्या शहरांच्या तुलनेत कमी झाले, असं २०११ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. प्रश्न तीनच, आणि विचारणारी काउंटरवरची माणसं.

आणि लांब कशाला, आपल्या महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रोगी उशाशी बसून पाहिले आणि रक्तदाबाचं औषध प्राझोसिन त्यावर वापरून दाखवलं. त्यांचं काम 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकीय नियतकालिकात आलं. म्हणजे संशोधन पुण्यातच होतं असं काही नाही, बाई!

आता मला खरोखर सतावणारा प्रश्न. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला, आंबा देठासकट उतरावा म्हणून. देठाची काळजी घेतली, आता चढणाऱ्याच्या कमरेची घ्यावी. जुनी हापूसची झाडं छाटून बुटकी करता येतात, हेही तेच सांगतात. मग होत का नाही? छाटल्यावर दोन-तीन वर्षं उत्पन्न बुडतं. त्यात अनेक बागा हंगामापुरत्या कराराने दिलेल्या. करार घेणारा छाटेल कशाला? आणि मालकाला पडलेला माणूस दिसतच नाही, तो दिसतो आम्हाला. हा तिढा हेल्मेट वाटून सुटायचा नाही. त्यासाठी मालक, करारदार, दापोलीची माणसं आणि तू एका सतरंजीवर बसायला हवं.

मागे एक टीम येऊन आमची रजिस्टरं उतरवून घेऊन गेली. त्यातून काय निघालं ते आजतागायत कळलं नाही. तू तसं केलंस तर दाराशी उभी करणार नाही, सांगून ठेवते.

पाऊस लागला की ये, तेव्हा गडी रिकामे असतात. फॉर्म एका पानाचा कर, मराठीत. बागांमध्ये नेपाळी मुलंही खूप असतात, त्यांच्यासाठी बोलणारं कुणी बरोबर आण. आणि नाव कुठेही लिहिणार नाही हे सगळ्यात वर छाप, नाहीतर मुकादम कुणाला तोंड उघडू देणार नाही.

तुझी,
माधवी