अंबाजोगाईच्या स्टुडिओवाल्या काकांना

ती. काकांना शि. सा. नमस्कार.

परवा आजीचं चौदावं झालं. ओसरीत पाटावर तिचा फोटो ठेवला होता, झेंडूचा हार घालून. येणारा जो तो फोटोपुढं थबकायचा. धाकटी आत्या तर काचेवरून तिच्या गालाला हात लावून रडली, "आत्ता बोलंल असं वाटायलंय गं." फोटो नातीनं काढला, नातीनं काढला असं सगळे सांगत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण अंबाजोगाईत ज्यांनी परीक्षेच्या फॉर्मपासून लग्नापर्यंतचे फोटो तुमच्याकडं काढलेत, ते ओळखतील.

तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नाचा अल्बम आला, तेव्हा आजीनं एका पानावर बोट ठेवून विचारलं होतं, "ही कोण गं बाई?" ती तीच होती. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण पुसलेलं, सुरकुत्या घोटून काढलेल्या, सावळा रंग पिठासारखा पांढरा केलेला. मी फोटोवाल्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, एडिटिंगला असंच करावं लागतंय, लोकांना असंच पाहिजे." जिचा सगळा जन्म उन्हात रान करण्यात गेला, तिचा चेहरा यानं तिला न विचारता पुसून टाकला. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुढं मी शहरात तीन महिन्यांचा क्लास लावला. तिथंही पहिल्या दिवसापासून एकच पालुपद, "तू क्लिक कर, बाकीचं एडिटमध्ये बघू." कॉम्प्युटरवर उजेड-रंग कमीजास्त करायचे स्लायडर सरकवायला शिकले. कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी काय बघायचं असतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

तुमच्याकडं मी आले ती नुसत्या प्रिंट काढायला. तुम्ही एका फोटोवर थांबलात आणि विचारलंत, "या म्हाताऱ्याचं धोतर कुठं गेलं?" अंधाऱ्या दारात बसलेले शेजारचे आजोबा, आणि धोतराच्या जागी नुसता पांढराफटक डाग. मी म्हणाले, घरी जाऊन उजेड कमी करून आणते. तुम्ही म्हणालात, "पोरी, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घडी कॅमेऱ्यात आलीच नाही." जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, उजेड आकड्यांत असतो: काळं म्हणजे ० आणि पांढरं म्हणजे २५५. त्या २५५ ला जाऊन टेकलेल्या कापडात सुताचा एक धागाही उरत नाही, मग स्लायडर कितीही खाली ओढा. क्लासमध्ये तीन महिन्यांत न कळलेली गोष्ट त्या एका वाक्यात कळली.

नंतर अंबाजोगाईतल्याच हत्तीखान्याच्या लेण्यात त्या दगडी हत्तीसमोर मला उभं केलंत. मी काढलेल्या फोटोत काळा हत्ती राखेच्या रंगाचा झाला होता. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरची प्रत्येक गोष्ट १८ टक्के उजेड परत करणारी धरून चालतं, म्हणून ते काळ्यालाही राखाडी करतं आणि पांढऱ्यालाही. "त्याला काय माहीत हत्ती काळा आहे, तुला माहीत आहे ना? मग तू सांग त्याला," म्हणालात. एक स्टॉप कमी केला, म्हणजे उजेड निम्मा केला, आणि हत्ती काळा झाला. ३६ फोटोंच्या रोलवर तुमची उमेदीची वर्षं गेली. रोल धुऊन येईपर्यंत काय आलंय हे कळायचं नाही, म्हणून तुमचं बघणं आधी आणि बटण नंतर. तळहात समोर धरून तो हळूहळू फिरवायची तुमची सवय मी उचलली. रेषांवर सावली कुठं कडक पडते, कुठं मऊ होते ते हातावरच दिसतं. हल्ली लग्नात मी आधी हात बघते. मंडपाच्या लाल कापडाचा रंग हातावर उतरलेला दिसला, की नवरीला चार पावलं बाहेर घेते.

पण काका, आभार मानायचे आहेत ते वैशाखातल्या त्या सकाळचे.

आजीला शहाण्या माणसाकडून एकदा नीट फोटो काढून घ्यायचा होता. तुम्ही पंधरा मैल एसटीनं आलात आणि म्हणालात, काढायचा हिनंच, मी बघतो. आजी ओसरीच्या दारात बसली. उजेड मऊ होता, पण वरून येत होता आणि तिचे डोळे खोल गेलेले, नुसत्या दोन काळ्या खळग्या दिसत होत्या. क्लासमधल्या सवयीनं मी म्हणाले, डोळे नंतर उजळवू. तुम्ही काहीच बोलला नाहीत. खांद्यावरचं पांढरं उपरणं काढलंत, पायऱ्या उतरून अंगणात गेलात आणि अकराच्या उन्हात आजीच्या पायाशी खाली बसलात. ते दुखरे गुडघे घेऊन. दोन्ही हातांनी उपरणं ताणून धरलंत आणि ऊन खालून तिच्या तोंडावर गेलं. डोळे जागे झाले.

मग तुम्ही तिला विचारलंत, "मावशी, गोंदण दिसू द्यायचं का पदर खाली घेता?"

तोवर कुठल्याच फोटोवाल्यानं तिला काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "दिसू दे बाबा. मायनं गोंदून घेतलंय माझ्या." आणि पदर स्वतःच्या हातानं मागं सारला. मी चारच फोटो काढले. तिसरा तो. त्याला मी आजवर हात लावलेला नाही, साधा कापलासुद्धा नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, पाणी मागून प्यालात आणि दीडच्या गाडीनं गेलात. टँकरच्या रांगेत म्हातारीची घागर आधी भरू देणारी, ती घरापर्यंत नेऊन देणारी आणि नाव न सांगता निघून जाणारी माणसं आपल्या मराठवाड्यात मी लहानपणापासून बघितलीत. पाण्यापायी भांडणंही बघितलीत, पण लक्षात ती माणसं राहिली. तुम्ही त्यांतले. स्वतःचं कसब दुसऱ्याच्या हातात ठेवायचं आणि आपण उन्हात बसायचं, हे फोटोग्राफीच्या कुठल्याही क्लासात नसतं.

चौदाव्याच्या रात्री सगळे झोपल्यावर मी तो फोटो लॅपटॉपवर मोठा करून बघत बसले. आजीच्या दोन्ही बुबुळांत, खालच्या कडेला, एक बारीक पांढरा चौकोन आहे. आधी कधी दिसला नव्हता. ते तुमचं उपरणं आहे, काका.

१२ बाय १८ ची एक प्रत तुमच्यासाठी काढलीय. कागद मॅट घेतलाय, चकाकणारा तुम्हाला चालत नाही. सोमवारी घेऊन येते. आईनं गुडघ्यांसाठी तेल कढवून ठेवलंय, तेही आणते.

तुमची,
केज तालुक्यातल्या त्या मावशीची नात