टर्नरचं जहाज आणि आपल्या पडवीतला बाक

ती. बाबा, आई आणि आजीस,
सा. न.

फोनवर सांगायला गेले की आजी मधेच "जेवलंस काय गो" विचारते आणि मग जेवणाचंच बोलणं होतं, म्हणून ह्या वेळी टाइप करून पाठवतेय. दादा, संध्याकाळी सगळ्यांना पडवीत बसव आणि मोठ्याने वाचून दाखव, आणि आजीला त्या बाकावरच बसव, का ते पुढे कळेल.

शुक्रवारी माझी ड्यूटी लवकर सुटते. इथे लंडनला नॅशनल गॅलरी म्हणून मोठं चित्रांचं म्युझियम आहे ना, ट्राफल्गार स्क्वेअरला, ते शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि आत जायला तिकीट नाही, म्हणजे 1824 पासून जमवलेली एवढी चित्रं आणि कोणीही यावं, बसावं, बघावं. आमचा पाच-सहा जणांचा ग्रूप जमलाय, माझ्या वॉर्डातली केरळची सिस्टर, एक पोलंडचा सुतार, एक रिटायर झालेल्या शाळेच्या बाई, आणि त्या त्या दिवशी शेजारी उभं असेल ते कोणीही. नियम एकच, एका संध्याकाळी एकच चित्र आणि बाजूची पाटी शेवटी वाचायची. आधी प्रत्येकाने काय दिसतं ते बोलायचं.

मला हे अजिबात नवीन वाटलं नाही. बाबा, तुम्ही मला लहानपणी कुडाळजवळ पिंगुळीला नेलेलं आठवतं? ठाकर मंडळींची चित्रकथी बघायला, पोथीतलं एकेक सुटं चित्र उभं धरायचं आणि वीणा-टाळावर रामायणातली गोष्ट सांगत जायची. परशुराम गंगावणेंना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी इथे सगळ्या वॉर्डाला ती बातमी दाखवली होती. आपल्याकडे चित्र कधी गप्प राहून बघायचं नसतंच, कोणीतरी सांगणारा हवा आणि समोर बसून "मग?" विचारणारे हवेत. इथेही मला तेच आवडतं. लंडनमधेच डलिचला 1817 पासून लोकांसाठी उघडी असलेली एक छोटी गॅलरी आहे, तिथे उजेड छपरातून येतो, अगदी आपल्या माजघरात कौलांमधे काच बसवलीय तसा, तिथेही आम्ही जातो. पण आज सांगायचंय ते नॅशनल गॅलरीतल्या एका जहाजाबद्दल.

टर्नर नावाचा चित्रकार, लंडनच्या एका न्हाव्याचा मुलगा. त्याने 1839 मध्ये एक चित्र दाखवलं, नाव 'द फायटिंग टेमेरेर'. आई, तुला मी मागे वीस पाउंडाची नवी नोट पाठवलेली ना, देवघराच्या डब्यात ठेवलीयस ती, तिच्यावर त्याचा चेहरा आणि मागे हेच जहाज आहे, काढून बघ. चित्रात डावीकडे एक मोठं शिडाचं जहाज, फिकट, पांढुरकं, तीन डोलकाठ्या, शिडं गुंडाळलेली. त्याच्या पुढे एक बुटकी काळी वाफेची बोट, धुराडं उंच, आणि ती त्या मोठ्या जहाजाला दोरीने ओढत नेतेय. उजवीकडे सूर्य बुडतोय आणि अख्खं आभाळ लाल-पिवळं, पाण्यात पण तेच. जवळ जाऊन बघितलं तर सूर्याजवळ रंगाचे नुसते जाड थर आहेत, आणि जहाजाकडचा रंग मात्र इतका पातळ की जहाज आहे का धुकं आहे असं वाटतं.

शाळेच्या बाई म्हणाल्या हे म्हातारपण आहे, एवढं मोठं जहाज आणि एक क्षुल्लक बोट त्याला ओढतेय. पोलंडचा सुतार म्हणाला मला ती काळी बोटच आवडते, काम तीच करतेय, तिच्याकडे कोणी बघत नाही. केरळची सिस्टर म्हणाली जहाज पांढरं केलंय कारण ते आधीच गेलेलं आहे, नुसता आत्मा राहिलाय. मग पाटी वाचली. टेमेरेर हे त्या जहाजाचंच नाव, 98 तोफांचं लढाऊ जहाज, 1805 च्या ट्राफल्गारच्या लढाईत लढलेलं, आणि 1838 च्या सप्टेंबरात शीरनेसहून लंडनच्या रॉदरहाइथला मोडायला नेलं. ओढायला खरं तर दोन बोटी होत्या, टर्नरने एकच ठेवली, आणि डोलकाठ्या तर आधीच उतरवलेल्या होत्या, त्याने चित्रात परत उभ्या केल्या. बाई म्हणाल्या अजून एक गंमत, शीरनेसहून रॉदरहाइथ म्हणजे पश्चिमेला जाणं, मग संध्याकाळचा सूर्य पुढे हवा, हा मागे कसा?

आणि बाबा, तेव्हा मला एकदम आपली खाडी दिसली. मी म्हटलं, आमच्याकडे समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी सूर्य ज्या होडीच्या मागे असतो ती होडी घरी येत असते. आम्ही पोरं किनाऱ्यावर बसून तशीच ओळखायचो, काळी सावली आणि मागे लाल सूर्य दिसला की आई लोक चुलीवर तवा ठेवायच्या. मला हे जहाज मरायला चाललंय असं दिसतच नाही, मला ते परत आलेलं दिसतं. सगळे गप्प झाले आणि पुन्हा चित्राकडे बघायला लागले, सुताराने तर बेंच सोडून पुढे जाऊन सूर्याकडून जहाजाकडे बोट नेऊन बघितलं (लांबूनच, गार्ड उभा असतो). मग बाईंनी विचारलं तुझ्या घरी कोणाचं जहाज होतं का, आणि मी आजोबांचं सांगितलं.

विजयदुर्गातून कौलं आणि मीठ घेऊन जायचं ते गलबत, पावसाळ्यात ओढून वर घ्यायचं आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात, आणि आजोबा त्यावरचे मुख्य, तांडेल. मग सगळं ट्रकने जायला लागलं, गलबत खाडीत नुसतं उभं राहिलं, आणि एक दिवस मशीनच्या लाँचने ओढून मोडायला नेलं. आजोबा घराबाहेर पडले नाहीत, "मी बगूक येवचंय नाय" एवढंच म्हणाले ना? ते सांगताना माझा आवाज बसला, सिस्टरने माझा हात धरला. मग मी बाकाचं सांगितलं, की त्या गलबताच्या फळ्यांचा आपल्या पडवीत बाक झालाय, खिळ्यांची भोकं आहेत, गंजाचे काळे डाग आहेत, मे महिन्यात दुपारी ऊन पडलं की अजून माशाच्या तेलाचा वास येतो. तर बाई म्हणाल्या रॉदरहाइथच्या सेंट मेरी चर्चमध्ये टेमेरेरच्या लाकडाचं टेबल आणि दोन खुर्च्या आहेत. पुढच्या रविवारी आम्ही सगळे तिथे जाणार आहोत, मला त्या खुर्चीवर हात ठेवून बघायचाय.

टर्नरने हे चित्र विकलं नाही, शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलं, तो 1851 मध्ये गेला तोवर. मला ते फार कळतं.

बाबा, तुम्ही तेव्हा दहावीत होता. मला नीट लिहून पाठवा, लाँच खाडीत आली तेव्हा भरती होती की ओहोटी, दिवसाची कुठली वेळ, डोलकाठी होती की काढली होती. आजोबा त्या वेळी पडवीत होते की मागच्या परसात, हे आजीला विचारा, ती नको म्हणाली तर राहू दे. आणि दादा, बाक उलटा करून खालच्या फळीचा फोटो पाठव, तिथे चुन्याने की रंगाने काहीतरी अक्षरं काढलेली होती, मी लहान असताना खाली शिरून बघितलेली, आता आठवत नाहीत. उलटा करायच्या आधी आजीची औषधं आणि पानाचा डबा बाजूला ठेव.

तुमची,
बाय