डबा अजून माझ्याकडेच आहे

रविवारी परवानगी काढून केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेच्या, जुन्या गाड्यांचे फोटो काढायला वर्कशॉपात गेलो होतो. कोपऱ्यात मोडीत निघालेली एक गाडी, पाटीवर पुसटसं ‘गंगावेश’. शाळेला याच गाडीनं जायचो, निदान मला तसं वाटलं. तिसाव्या फोटोला माझ्या म्हाताऱ्या कॅमेऱ्यात 35 मिमीचा रोल तुटला. मागचं झाकण उजेडात उघडलं की सगळे फोटो गेले.

माझं तोंड बघून एक मेकॅनिककाका आले. “पावणं, अंधारच पायजे न्हवं? घाबरू नगासा.” त्यांनी स्टोअरच्या खिडकीला पोतं ठोकलं, दाराखालच्या फटीत जुनी ट्यूब कोंबली. दुसऱ्या एकानं स्वतःचा स्टीलचा डबा रिकामा करून, धुऊन, कोरडा पुसून दिला आणि झुणका-भाकर कागदावर घेऊन जेवला. मी आत चाचपडत फिल्म डब्यात गुंडाळेपर्यंत काका दाराला पाठ लावून उभे होते.

फोटो आले, ‘गंगावेश’सुद्धा. गडबडीत नावं विचारायची राहिली. दोघांचे मनापासून आभार. रविवारी डबा घेऊन येतोय, अर्थात रिकामा नाही.