जाताना सव्वापाच, येताना साडेतेरा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुमचा हिशोब ऐकून हसू आलं. पण चूक तुमची नाही, तिकीटच तसं छापतात. मुंबईहून पहाटे अडीचला सुटणार, लंडनला पावणेआठला उतरणार, म्हणजे सव्वापाच तास. परतीला रात्री साडेआठला निघून मुंबईत सकाळी दहाला, म्हणजे साडेतेरा. "मधे थांबतं कुठं एवढं?" कुठंच नाही. सुटायची वेळ सुटायच्या गावची आणि उतरायची उतरायच्या गावची. मे महिन्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं (थंडीत साडेपाच). तेवढे जाताना मिळवा, येताना वजा करा. जायला पावणेदहा, यायला नऊ.

उरलेला पाऊण तास वाऱ्याचा. तीस-पस्तीस हजार फुटांवर जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. घाट चढायला आणि उतरायला एसटीला कधी सारखाच वेळ लागलाय का?

अंतर विचारलंत. विमानतळ ते विमानतळ, पृथ्वीच्या गोलाईवरून जवळात जवळ धरलं तर साधारण ७,२०० किलोमीटर. विमान त्याहून थोडा वळसा घेतं, ते सोडा. सहा किलोमीटरचा टप्पा धरला तर १,२०० टप्पे झाले! कंडक्टरकीत एवढं लांबचं तिकीट कधी फाडलं नसेल तुम्ही. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात वाट वाकडी दिसेल. आई, पायलट चुकला नाही. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, म्हणून तसं दिसतं.

मला खरी धास्ती आहे ती साताऱ्याहून मुंबईपर्यंतच्या अडीचशे किलोमीटरची. साडेअकराला सहारच्या विमानतळावर पोचायचं आहे. खंबाटकीच्या बोगद्यातून सुटाल, पण बोरघाटात एखादा कंटेनर आडवा झाला की दोन तास गेले. म्हणून दुपारी तीनला निघाच. आणि तारीख नीट बघा. तिकिटावर १४ आहे, पण वेळ पहाटेची, म्हणजे घरातून १३ च्या दुपारी निघायचं. १४ च्या रात्री बॅगा घेऊन पोचलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. ही चूक भलेभले करतात.

आई, कंदी पेढे आणू नकोस. बाहेरून दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत, फेकून देतील. लोणचं मोठ्या बॅगेत घाल. बाबांची बीपीची गोळी मात्र हातातल्या पिशवीत ठेव. सकाळी आठच्या गोळीला तुम्ही विमानात असाल. बाबा, तोवर मनगटावरचं घड्याळ साताऱ्याच्या वेळेवरच राहू द्या, म्हणजे गोळी चुकणार नाही.

उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत आणि सामानात तास-दीड तास जातो. फोन लागला नाही तरी घाबरू नका. मी बाहेर कठड्याला टेकून उभी असेन.

तुमची,
मनू