पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंटला निघालेल्या मुक्तास

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गोव्यात पर्वरीला प्रवेश पक्का झाला. सामान बांधण्याआधी हे पत्र शांतपणे वाच. तिथे फूड प्रॉडक्शन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग ही चारही खाती तुला शिकायची आहेत. तरी पहिल्या वर्षी जीव ओतायचा तो सुरी, स्टॉक (मंद आचेवर काढलेलं हाडांचं पाणी) आणि थर्मामीटर या तिघांवर. प्लेटवरची नक्षी नंतर कधीही शिकता येते. कच्चा राहिलेला हात मात्र पुढे प्रत्येक किचनमध्ये उघडा पडतो.

सुऱ्यांचा भलामोठा संच घेऊ नकोस. आठ इंची एक चांगली शेफ्स नाइफ, एक छोटी सोलायची सुरी आणि धार लावायचा दगड एवढं पुरे. बोर्डाखाली ओलं फडकं घाल. हात कापतो तो बहुतेकदा सरकणाऱ्या बोर्डामुळे आणि बोथट सुरीमुळे, कारण बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि ती निसटते. डाव्या हाताची बोटं आत वळवून ठेव, पात्याला फक्त पेरांचा आधार हवा. ज्युलियन म्हणजे साधारण 2 मिमी जाडीच्या, 4 सेंमी लांबीच्या काड्या. त्याच आडव्या कापून बारीक चौकोनी तुकडे केले की ब्रुन्वाज. मास्तर मापावर अडून बसतील, आणि ते बरोबरच आहे. तुकडे लहानमोठे झाले की बारीक करपतात आणि जाडे कच्चे राहतात. सुरी कधीही सिंकमधल्या पाण्यात सोडायची नाही, भांडी घासणाऱ्याचा हात कापतो.

आता स्टॉक. कोंबडीची 2 किलो हाडं धुऊन घे, त्यावर 3 लिटर थंड पाणी. थंडच का, तर पाणी हळूहळू तापताना हाडांतली प्रथिनं सुटून वर येतात, गोळा होतात आणि फेस झाऱ्याने काढता येतो. खळखळून उकळी आली की तोच फेस आणि चरबी पाण्यात घुसळली जाते आणि स्टॉक गढूळ होतो. मग कितीही गाळा. मधूनच एखादा बुडबुडा यावा एवढीच आच, तीन ते चार तास. शेवटच्या तासात 125 ग्रॅम कांदा, 60 ग्रॅम गाजर, 60 ग्रॅम सेलरी, तमालपत्र आणि मिरी. मीठ अजिबात नाही, कारण पुढे सॉससाठी तो आटवायचा असतो.

खरा घोळ होतो तो नंतर. गरम पातेलं तसंच रात्रभर ओट्यावर राहतं, नाहीतर उचलून थेट फ्रिजमध्ये जातं. दुसऱ्या प्रकारात मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि शेजारचं दूधही तापतं. स्टॉक 60 अंश सेल्सिअसवरून 21 वर दोन तासांत, आणि तिथून 5 वर पुढच्या चार तासांत यायला हवं. गाळून उथळ ट्रेमध्ये ओत, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेव, ढवळत राहा आणि थर्मामीटरने बघ. बोटाने अंदाज घेऊ नकोस.

माशाच्या स्टॉकला वीस-पंचवीस मिनिटं बस्स, जास्त झालं की कडवटपणा उतरतो. बांगड्याची हाडं घेऊ नकोस, तेलकट असतात, वास धरतात. चणक किंवा तांबोशी घे, कल्ले काढून. हे शिकायला पर्वरीसारखी जागा नाही: मांडवीवरचा पूल ओलांडला की पणजीचा बाजार, उलट दिशेला म्हापसा, तिथला शुक्रवारचा बाजार तर चुकवूच नकोस. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर जा. कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटाने दाबलेलं मांस परत वर येणारं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उघड्या दिसल्या तर टिचकी मार, मिटल्या नाहीत तर टाकून दे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा त्या दिवसांत ‘ताजी’ म्हणून पुढे केलेली मोठी इसवण (सुरमई) जरा संशयानेच बघ. कोळणींशी कोकणीत बोलायचा प्रयत्न कर, आपलं मालवणी तिथे चालून जाईल.

पावसाळ्यात बेकरीच्या प्रॅक्टिकलला मैदा आधीच दमट असतो. किलोला 600 मिली पाणी लिहिलं असेल तर 50 मिली हातचं राखून ठेव, लागलं तरच घाल. पीठही लवकर फुगतं, म्हणून घड्याळाकडे कमी आणि पिठाकडे जास्त बघ. आंबूस वास येऊन मधे खचलं, तर ते उतरलं असं समज. युनिफॉर्मचे तीन जोड ने, दोनांत वाळत नाहीत. बूट काळे, न घसरणाऱ्या तळव्याचे. रात्री आत वर्तमानपत्र कोंब, नाहीतर बुरशी येते.

थंडीच्या सीझनमध्ये ओडीसीसाठी, म्हणजे बाहेरच्या केटरिंगच्या कामासाठी, मुलांना बोलावणं येतं. जरूर जा, तीन प्लेटा एका हातावर पेलणं तिथेच जमतं. मात्र पैसे किती, परत सोडायला गाडी आहे का, हे निघण्याआधी विचार. गाडी नसेल तर नाही म्हण. आणि ट्रेनिंगला हॉटेलात गेलीस की लॉगबुक रोज रात्री भर, आठवड्याने भरलेलं लगेच ओळखू येतं.

पोचलीस की फोन कर. थर्मामीटर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला आहे.

तुझी,
आई