घट उठले की निघा

कोलंबस, ओहायो
२ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आजपासून इथली घड्याळं एक तास मागे गेली. तुमच्याकडे सकाळचे साडेसहा वाजतील तेव्हा आमच्याकडे आदल्या रात्रीचे आठ. बाबांचा पहिला चहा आणि इराची झोपायची वेळ एकच झाली, तेव्हा आता याच वेळी फोन करत जाऊ.

आई, परवा तू विचारलंस, "पोरीला भुताखेतांच्या सणाला कशाला धाडतेस?" गडबडीत होते, नीट सांगता आलं नाही. हॅलोविन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून थंडी सुरू होते, त्या रात्री गेलेली माणसं परत येतात अशी तिकडची जुनी समजूत. आपल्या पितृपंधरवड्यातही आपण दाराकडे बघत पान मांडून ठेवतोच ना? तिकडे सलगम कोरून आत दिवा ठेवत. तिकडचे लोक अमेरिकेत आले तेव्हा त्यांना भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला सोपा. पोरांना आज यातलं काही ठाऊक नसतं. गावानं ठरवून दिलेल्या संध्याकाळी सहा ते आठ, ज्याच्या ओसरीवरचा दिवा चालू असेल त्याच्या दारी जायचं, चॉकलेट घ्यायचं, थँक्यू म्हणायचं. इरा मधमाशी झाली होती. कोपऱ्यावरच्या आजी पायांवर गोधडी घेऊन दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि प्रत्येक पोराचं सोंग ओळखल्याशिवाय खाऊ देत नव्हत्या. मला आपल्या अंगणातला भोंडला आठवला. खिरापत ओळखल्याशिवाय तू डब्याचं झाकण उघडायची नाहीस.

आणि हो, आमचा भोपळा मी आधी चिरला नाही. पहिली सुरी इराच्या बाबांनी लावली, मग मी आणि इरा. तू घालून दिलेली रीत आहे, मोडवत नाही. झाकण काढलं आणि आतला तो ओला, कच्चा वास आला, तुझ्या घारग्यांच्या दिवशीचा. इरानं कोपरापर्यंत हात घालून रेषा उपसल्या, बिया निवडल्या. त्या मीठ लावून भाजल्या. कोरायचा भोपळा पाणचट असतो, म्हणून घारग्यांसाठी लहान, गोड जातीचा वेगळा आणला. गूळ इथल्या भारतीय दुकानातला. रंग तुझ्यासारखा आला, खुसखुशीतपणा नाही आला.

बाबा, आता तुमच्यासाठी. १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या शनिवारी, आम्ही सर्कलव्हिलला गेलो होतो. आमच्यापासून दक्षिणेला, पिकवे काउंटीत, चाळीसेक किलोमीटरवर. मक्याची आणि सोयाबीनची शेतं संपली की गाव लागतं. तिथे १९०३ सालापासून भोपळ्याची जत्रा भरते. जॉर्ज हॅसवेल म्हणून तेव्हाचे महापौर होते. त्यांनी आपल्या दुकानापुढे मक्याची ताटं आणि कोरलेले भोपळे मांडले, एवढीच सुरुवात. आज चौदा हजारांच्या आसपास वस्तीच्या गावात चार दिवसांत लाखांनी माणसं येतात. भर बाजारपेठेतले रस्ते बंद करतात. भोपळ्याचे डोनट, भोपळ्याचा बर्गर, सहा फूट व्यासाचा पंपकिन पाय. गावची पाण्याची टाकीसुद्धा भोपळ्यासारखी रंगवली आहे.

पण तुम्ही रमाल ते वजनाच्या भोपळ्यांपाशी. हजार पौंडांच्या वरचे, म्हणजे साडेचारशे किलोंहून जड, अंगानं बसकट, फिकट केशरी. एका वेलावर एकच फळ ठेवतात, बाकीची खुडून टाकतात. वेलाच्या पेरांवर माती चढवतात म्हणजे तिथेही मुळं फुटतात, आणि फळावर कापडाची सावली धरतात. भराच्या दिवसांत ते एका दिवसात पंधरा-वीस किलोंनी वाढतं. एक म्हातारे शेतकरी आपल्या भोपळ्याच्या देठावर हात ठेवून उभे होते, तुम्ही बैलाच्या वशिंडावर ठेवायचात तसा. मी त्यांना म्हटलं, माझे वडील परसात भोपळा लावतात. त्यांनी लगेच विचारलं, "माती कशी आहे तिकडची?" काळी, म्हणाले मी.

तुमच्या मोजणी खात्याच्या नोकरीला शोभेल अशी गोष्ट तर राहिलीच. १८१० साली हे गाव वसवलं ते गोलात. तिथे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या होपवेल नावाच्या इथल्या मूळ लोकांनी घातलेले मातीचे गोल बांध होते, त्यांच्या आत. मधोमध अष्टकोनी कचेरी आणि भोवती वर्तुळाकार रस्ते. पुढे लोकांना वाकडे प्लॉट नकोसे झाले आणि १८३७ पासून सगळं गाव तुकड्यातुकड्यानं पुन्हा चौकोनी आखलं. पुरं व्हायला १८५६ उजाडलं. गोल गेला, नाव राहिलं. ते बांधही गेले, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन दक्षिणेला तोंड करून यमदीप लावला. ओसरीवर एका बाजूला कणकेचा दिवा, दुसऱ्या बाजूला भोपळ्यातला.

पुढच्या रविवारी हॉकिंग हिल्सला गेलो. मेपल लाल, हिकरी पिवळी. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा ओसरला की दिसतो; लाल मात्र झाड शेवटच्या दिवसांत नव्यानं करतं. तिथे ॲश केव्ह म्हणून सातशे फूट रुंदीची, घोड्याच्या नालेच्या आकाराची कपार आहे. पूर्वीच्या लोकांना तिथे राखेचे ढीग सापडले, म्हणून हे नाव. बाबा, तिथवरची वाट फरसबंद आहे, जेमतेम चारशे मीटर, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. तुमच्या गुडघ्यासाठी मी पायरी शोधत गेले होते. एकही नाही.

दर वेळी तुम्ही जूनमध्ये येता आणि ऑक्टोबर म्हटलं की आई म्हणते, "घरात घट असतात, दिवाळी असते, कशी येऊ?" ते खरंच आहे, घट सोडून ये असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वर्षी दसरा २० ऑक्टोबरला आहे. जत्रा ऑक्टोबरच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होते, म्हणजे २१ ते २४. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. घट उठवा, सोनं वाटा आणि त्याच रात्री विमानात बसा. सीमोल्लंघनच आहे. शनिवारची जत्रा सापडेल आणि दिवाळी इथे आपण सगळे मिळून करू.

भाजणी थोडी जास्तच आण. आणि बाबा, परसातल्या भोपळ्याचा देठासकट फोटो पाठवा, त्या आजोबांना दाखवायचा आहे.

तुमची,
मनू