ताडपत्री वरून वीतभर उघडी ठेवा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल रात्री बाबा म्हणाले की तीन कोंबड्या शिंकत आहेत, तांबडीचा एक डोळा मिटलेला आहे आणि शेजारच्या काकांनी दिलेली औषधाची पूड उद्या पाण्यात घालणार आहात. आवाज तुटत होता, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ती पूड कृपया एवढ्यात घालू नका.

निफाडची थंडी मला ठाऊक आहे. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हा कोंबड्यांच्या काळजीने बाबांनी खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधली, हे मी समजू शकते. परंतु गेल्या रविवारी पहाटे मी तिचा कोपरा उचलला, तेव्हा आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते, खालचे तूस हाताला ओले लागत होते आणि वाकताच माझे डोळे चुरचुरले. ते पाणी कोंबड्यांच्या श्वासाचे आणि विष्ठेतले होते आणि चुरचुर अमोनियाची. कोंबडीच्या अंगाचे तापमान सुमारे ४१ अंश असते. अंग कोरडे असेल आणि पोट भरलेले असेल, तर पिसे फुलवून ती आपल्याकडची थंडी सोसते. ओल आणि कोंडलेली हवा मात्र तिला सोसत नाही, कारण अमोनियाने श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि एरवी दबून राहिलेले जंतू तेथे बळावतात.

म्हणून बाबा, आजच ताडपत्री वरच्या बाजूने वीतभर मोकळी करा. खालून, कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंत, वारा अडला म्हणजे पुरे. ओले तूस सगळे काढून कोरड्या तुसाची चार बोटे जाड गादी घाला आणि एक दिवसाआड ती खालीवर करा. मुठीत दाबून सोडल्यावर तुसाचा गोळा टिकला, तर ते बदलायला झाले असे समजावे. आई, कोळशाची शेगडी आत ठेवण्याचा विचार मात्र सोडून दे. बंद जागेत तिच्या विषारी वायूने एका रात्रीत सगळ्या कोंबड्या जातील आणि तूस पेटले तर खुराड्याला लागून असलेली आपली पडवीही सुरक्षित नाही.

तांबडीला आणि शिंकणाऱ्या इतर दोघींना गोठ्याच्या कोपऱ्यात वेगळ्या डालग्याखाली ठेवा, एका बाजूला विजेचा दिवा लावा, म्हणजे ऊब हवी तर त्या जवळ येतील आणि नको तर दूर सरकतील. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात स्वच्छ सुती फडके भिजवून डोळा हलक्या हाताने पूस. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस आहे का, डोळ्याखाली सूज आहे का, नाकातून दुर्गंधी येते का आणि विष्ठा हिरवट आहे का, हे नीट पाहून ठेव. पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर हेच विचारतील. फेस आणि घरघर असेल तर तो बहुधा श्वसनाचा जुनाट आजार असतो, चेहरा सुजून घाण वास येत असेल तर तो कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची जंतूंमुळे होणारी सर्दी, असू शकतो, आणि दोन्हींवर औषध आहे. पण ते कोणते आणि किती दिवस द्यायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. शिवाय औषध सुरू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही त्यांना विचारून घ्या, कारण ती अंडी तुम्ही नातवंडांसाठी ठेवता.

हिरवी विष्ठा आणि वाकडी मान दिसली, तर ती बहुधा मानमोडी, म्हणजे राणीखेत. मी सातवीत असताना आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी आपण त्याच संध्याकाळी इतरांत सोडली होती आणि पुढे बावीसपैकी तीनच वाचल्या, हे आई, तू विसरली नसशील. मान पाठीकडे वळलेला आपला काळा कोंबडा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. हा आजार विषाणूचा असल्याने त्यावर कोणतेही औषध चालत नाही, केवळ लसच उपयोगी पडते. या तिघी बऱ्या झाल्यावर आधी जंताचे औषध आणि आठवड्याने लस, असे डॉक्टरांशी ठरवून घ्या. लशीची कुपी सहसा शंभर मात्रांची असते आणि एकदा मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा वस्तीवरच्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी कोंबड्या गोळा केल्या तर खर्चही वाटला जाईल. कुपी मात्र बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. यापुढे नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय कळपात सोडू नका.

अंडी कमी झाली म्हणून घाबरू नका. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि सध्या आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा आहे. संध्याकाळी मूठभर मका जास्त घाला, सकाळी पाणी कोमट द्या.

एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या आणि तुरे निळसर दिसले, तर मात्र कशालाही हात न लावता लगेच दवाखान्यात कळवा. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू आला होता, ते आपल्याला लक्षात ठेवले पाहिजे.

बाबा, पहाटे चार वाजता खुराडे पाहायला तुम्ही अंगणात जाता, असे आईकडून कळले. गुडघे दुखत असताना गारठ्यात जाऊ नका; ऊन आल्यावर पाहिले तरी चालेल. आजारी कोंबड्यांचे काम सर्वांत शेवटी करा, त्यासाठी वेगळी चप्पल ठेवा आणि हात साबणाने धुवा. शनिवारी दुपारच्या गाडीने मी येत आहे. तोपर्यंत तांबडी पाणी पिते की नाही, एवढे रोज फोनवर सांगा.

तुमची लेक